रबरी आमिषाला हुक कोणता? उजनी-हिप्परग्याच्या काठावर लूर टाकणाऱ्या नवख्यांसाठी

सॉफ्ट प्लास्टिकचं, म्हणजे मऊ रबरी आमिषांचं, पाकीट घरपोच येतं. शेपटी हलवून बघितली की वाटतं, आता मरळ गेलीच. मग प्रश्न येतो हुकाचा. घरात गांडुळाला वापरायचा साधा गळ पडलेला असतो, तोच त्यात खुपसला जातो. पहिल्या कास्टला रबर खाली सरकून गोळा होतं, दुसऱ्या कास्टला हुक बाभळीच्या खोडात अडकतो, आणि शेजारी पिठाच्या गोळीवर चिलापी काढत बसलेले मामा विचारतात, "काय बे, रबराला कधी मासा लागतो का?"

लागतो की. फक्त हुक त्या रबराचा, त्या पाण्याचा आणि त्या माशाच्या तोंडाचा असायला हवा.

हुक निवडताना मी एकच क्रम पाळतो आणि नवख्यांनाही तोच सांगतो: आधी रबराची जाडी बघायची, मग त्याची लांबी, मग आपली लाइन आणि रॉड, आणि शेवटी पाणी. हुकाचा नंबर या चार गोष्टींतून आपोआप निघतो. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. व्हिडिओत कुणीतरी "थ्री ऑट" म्हणालेलं असतं, म्हणून ३/० चं पाकीट मागवायचं आणि मग जे रबर असेल ते त्यात बसवायचं, म्हणजे आधी कळस मग पाया.

हे ज्ञान आलं कुठून

व्हिडिओंमधलं जवळपास सगळं ज्ञान अमेरिकेतलं आहे आणि ते लार्जमाउथ बास या माशाभोवती तयार झालंय. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ साली प्लास्टिकचं गांडूळ घडवलं, तिथून या धंद्याची सुरुवात धरतात. पुढे टेक्सासमधल्या बुडालेल्या झाडांनी भरलेल्या धरणांत हुकाचं टोक रबरातच लपवायची युक्ती रुळली. तीच टेक्सास रिग.

बास आपल्या पाण्यात नाही. पण बुडालेली झाडं, शेवाळ आणि दबा धरून बसणारा शिकारी मासा, हे तिन्ही आपल्याकडे आहेत, म्हणून ती विद्या इथे चालते. फरक आहे तो तोंडात. बास जबडा उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो. मरळ येऊन चावते आणि घट्ट धरते. तिचं डोकं हाडाचं, जबडा आवळलेला, दात टोकदार. बाससाठी ज्या हुकावर काम भागतं, तो मरळीच्या जबड्यात कधी वाकतो, तर कधी रुततच नाही. त्यामुळे व्हिडिओ जरूर बघा, पण तिथे सांगितलेली हुकाची तार आपल्याकडे एक पायरी जाड धरायची.

हुकाचे भाग आणि नंबरांची भानगड

हुकाला डोळा असतो, जिथे लाइन बांधतो. त्याच्या खाली दांडी, मग वाक, मग टोक, आणि टोकाच्या मागे उलटा काटा. टोक आणि दांडी यांच्यामधली मोकळी जागा म्हणजे गॅप. हा शब्द पुढे सारखा येणार आहे.

नंबर दोन दिशांनी चालतात. ८, ६, ४, २, १ असे उतरत जातात तसा हुक मोठा होतो. १ नंतर १/०, २/०, ३/० सुरू होतात आणि इथे आकडा वाढेल तसा हुकही वाढतो. म्हणजे ६ नंबर चिलापीचा आणि ६/० राक्षसाचा. दुकानात सांगताना "ऑट" म्हणायला विसरलात तर भलतंच हातात पडेल.

शिवाय एका कंपनीचा ३/० दुसऱ्या कंपनीच्या ३/० इतकाच असेल, याची काही हमी नाही. गामाकात्सू, ओनर, मुस्ताद, व्हीएमसी, प्रत्येकाची मापं थोडी वेगळी. म्हणून दुकानात जाताना आपलं रबर खिशात घेऊन जा. ऑनलाइन मागवत असाल तर हुकाची मिलिमीटरमधली मापं दिली आहेत का ते बघा. नसतील तर आधी एकच पाकीट मागवा.

पहिली पायरी: जाडी

इथे घाई करू नका, कारण हातचे मासे सर्वात जास्त इथेच निसटतात.

टेक्सास पद्धतीत हुकाचं टोक रबरात लपलेलं असतं. मासा चावतो तेव्हा रबर दबून वाकाकडे सरकलं पाहिजे, तरच टोक मोकळं होऊन जबड्यात जातं. गॅप रबराच्या जाडीइतकाच असेल तर दबलेल्या रबराला जायला जागाच उरत नाही. तुम्ही झटका देता, मासा क्षणभर जड लागतो, आणि मग रबर सुटून तुमच्याकडे येतं. बघावं तर त्याच्यावर दातांच्या खुणा, पण टोक अजून रबरातच. मरळीच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण तिने आमिष आवळून धरलेलं असतं आणि त्या पकडीत रबर सहज सरकत नाही.

माझा अंदाज साधा आहे: हुक जिथून बाहेर येणार तिथे रबर जितकं जाड, त्याच्या निदान दीडपट गॅप हवा. दुप्पट मिळाला तर बरंच. पॅडल टेल प्रकारच्या रबरी माशांना पोटाला चीर दिलेली असते, ती याचसाठी. तिथे अख्खं पोट न मोजता चिरेच्या वरचा पाठीचा भागच मोजायचा. चीर नसलेला जाडजूड मासा आणला असेल, तर धारदार ब्लेडने पोटाखाली उभी चीर स्वतः देता येते. हुक बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

जाडीवरून हुकाचा आकार ठरतो. ढोबळमानाने तीन आकार ओळखता आले की नवख्याचं काम होतं.

बारीक, लांब गांडूळ असेल तर गोल वाकाचा ऑफसेट हुक. ऑफसेट म्हणजे डोळ्याजवळ दांडीला झेड आकाराचा दुमडा असतो, त्यात रबराचं नाक अडकून राहतं. गोल वाकाचा हुक चांगला रुततो, पण त्यात जाड रबर मावत नाही.

जाड स्टिक (काडीसारखं सरळ रबर), पॅडल टेल, रबरी बेडूक, पाय-शेंड्यांची क्रीचर आमिषं, यांना ईडब्ल्यूजी, म्हणजे एक्स्ट्रा वाइड गॅप. याचा वाक खाली फुगलेला असतो आणि टोक डोळ्याच्या रेषेत येतं. गवतातून निसटायला हा उत्तम. त्याचा तोटाही त्याच घडणीत आहे: टोक रेषेत लपत असल्याने जबड्यात शिरायलाही त्याला जोर लागतो. मऊ रॉडवर ईडब्ल्यूजी लावून "मासे चावतात पण लागत नाहीत" म्हणणारे बरेच भेटतात.

तिसरा सरळ दांडीचा, दुमडा नसलेला. दाट जलपर्णीत जड शिशाबरोबर भोक पाडून आमिष खाली सोडायचं असेल तेव्हा हा कामाला येतो. त्याला स्नेल गाठ मारतात. लाइन डोळ्याच्या पुढच्या, म्हणजे टोकाच्या बाजूने घातली की ओढल्याबरोबर टोक बाहेरच्या दिशेला उसळतं. पहिल्या वर्षी हा आणला नाही तरी काही बिघडत नाही.

दुसरी पायरी: लांबी

रबर टेबलावर ठेवा आणि हुक त्याच्या शेजारी धरा. डोळा रबराच्या नाकाशी लावा. हुकाचा वाक नाकापासून एक तृतीयांशाच्या थोडा पुढे आला पाहिजे, पण निम्म्यापर्यंत पोचता कामा नये. हुक त्याहून मागे गेला तर रबर काठीसारखं ताठ होतं आणि शेपटीच हलत नाही. शेपटी हलणार नसेल तर रबर विकत घेतलं कशाला? छोट्या रबराला दांडगा हुक म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

उलट बाजूचा त्रासही होतो. मासा शेपटीकडून तोडतो आणि हुक पुढेच राहतो. अशा वेळी लोक लगेच मोठा हुक लावतात. त्याऐवजी रबराच्या नाकाकडचा सेंटिमीटरभर तुकडा कापून टाका आणि तोच हुक पुन्हा ओवा. आमिष आखूड झाल्याने हुक आपोआप शेपटीच्या जवळ येतो, आणि हालचालही टिकते.

आकडेच हवे असतील तर सुरुवातीला हे धरून चाला. तीन इंची रबराला १/० किंवा २/०. चार इंचीला ३/०. शरीर सडपातळ असेल तर २/०, जाड असेल तर ४/०. पाच इंची जाड स्टिकला ४/०. सहा-सात इंची बारीक गांडुळाला मात्र ३/० ते ४/० पुरतो, कारण जाडी कमी आहे. लांबी जास्त म्हणून हुक मोठा, असा हिशेब इथे फसतो. आठ-दहा इंची गांडुळं आपल्या पाण्यात पैसे घालवायला चांगली. नवख्यांनी त्यात पडू नये.

तिसरी पायरी: तार, लाइन आणि रॉड

एकाच आकाराचा हुक बारीक तारेत आणि जाड तारेत मिळतो. पाकिटावर हे लहान अक्षरात असतं आणि बरेच जण वाचत नाहीत.

जाड तारेचा हुक शिरायला जोर मागतो. तो जोर देण्यासाठी ताठ रॉड आणि न ताणणारी ब्रेडेड लाइन लागते. तुमच्याकडे हलका स्पिनिंग रॉड आणि आठ-दहा पाउंडांचा तंगूस असेल तर झटक्याचा अर्धा जोर तंगूस ताणण्यातच जातो आणि जाड टोक जबड्याला नुसतं टेकून येतं. अशा सेटला बारीक तार लावा. उलट, ३० पाउंडांच्या वरची ब्रेडेड आणि मीडियम-हेवी रॉडवर बारीक तारेचा हुक लावून लव्हाळ्यातून मरळ ओढलीत तर हुक सरळ होऊन हातात येईल.

म्हणजे मरळीसाठी जाड तार, ब्रेडेड लाइन आणि ताठ रॉड हे तिन्ही एकत्र. त्यातलं एक बदललं की उरलेली दोन्हीही बदलावी लागतात. मरळीचे दात लाइनला घासतात, म्हणून हुकाच्या पुढे फूट-दीड फूट जाड नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर ठेवा.

चौथी पायरी: पाणी

उजनीचं पाणी वर्षभर एकसारखं नसतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. नळाला पाणी कधी येणार हे बघता बघता धरणाची टक्केवारी सगळ्यांना पाठ होते. ११७ टीएमसीच्या या धरणात ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठाच आहे, म्हणून उन्हाळ्यात पातळी "वजा" जाते तरी फुगवट्यात पाणी दिसत राहतं. मासेमारीच्या दृष्टीने याचा मोठा फायदा आहे. मे महिन्यात रॉड घरी ठेवून नुसते काठाने फिरा. उघड्या पडलेल्या बाभळींचे बुंधे, जुने बांध, विहिरींचे काठ, ओढ्यांचे पात्र, सगळं डोळ्यांसमोर असतं. फोटो काढा आणि जागा फोनच्या नकाशावर टाकून ठेवा. पावसाळ्यानंतर हेच सगळं पाण्याखाली जातं आणि मासे त्याच्याच आडोशाला येतात. फक्त ताज्या उघड्या पडलेल्या गाळात पाय टाकू नका. वरून सुकलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत घेतो.

अशा अडचणीच्या जागी टेक्सास रिगला पर्याय नाही: ऑफसेट किंवा ईडब्ल्यूजी, टोक रबरात, पुढे ५ ते ७ ग्रॅमचं गोळीच्या आकाराचं शिसं. सोलापुरी वारा सुटला की याहून हलकं शिसं तळाला लागलं की नाही तेच कळत नाही.

हिप्परग्याला, म्हणजे एकरुख तलावाला, किंवा कडेला पाणकणीस नि शेवाळ असलेल्या कुठल्याही उथळ पाण्यात शिसं काढूनच टाका. ईडब्ल्यूजीवर रबरी बेडूक किंवा पॅडल टेल लावून वरच्यावर ओढा. थोडं खोल चालवायचं असेल तर पोटाशी वजन असलेले हुक मिळतात, ३.५ ते ७ ग्रॅमचे. वजन खाली राहत असल्याने आमिष उलटं होत नाही आणि शेवाळाच्या फटीतून सरळ पोहत येतं. या हुकांच्या डोळ्याजवळ स्क्रूसारखी स्प्रिंग असेल तर ती घ्या. रबराचं नाक त्यात फिरवून बसवायचं, फाटत नाही.

मोकळं पाणी असेल, उदाहरणार्थ सीनेवरच्या बंधाऱ्याखालचा डोह, तर टोक लपवायची गरजच नाही. जिग हेड लावा, म्हणजे डोक्याला शिसं ओतलेला हुक. तीन इंची पॅडल टेलला १/० किंवा २/० चा, ५ ग्रॅमचा जिग हेड. उघडं टोक झटकन रुततं, नवख्याला पहिला मासा बहुधा यावरच मिळतो. दगडांच्या कपारी असतील तर मात्र जिग हेड पाण्यात सोडून यायची तयारी ठेवा.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. वॅकी म्हणजे स्टिकच्या बरोबर मध्यावर हुक आडवा ओवणं. त्याला नंबर १ ते २/० चा आखूड, गोलसर हुक. ड्रॉप शॉटमध्ये शिसं सर्वात खाली आणि हुक वर फूटभर; तिथे नंबर २ ते १/०, बारीक तारेचा. नेड रिग म्हणजे अळंबीच्या आकाराच्या जिग हेडवर पावणेतीन इंची तुकडा. या तिन्ही पद्धती स्वच्छ पाण्यातल्या, सुस्त माशांसाठीच्या. पावसाळ्यात भीमेचं पाणी चहाच्या रंगाचं असतं, तेव्हा यांच्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

टेक्सास रिग ओवायची कशी

हे वाचताना हातात हुक आणि रबर घेऊन बसा.

लाइनमध्ये आधी रबरी स्टॉपर (शिसं वर सरकू न देणारा), मग शिशाची गोळी, निमुळतं टोक रॉडकडे. त्यानंतर हुक, पालोमर गाठीने. गाठ आवळण्याआधी ओली करा, नाहीतर घर्षणाने लाइन जळते.

हुकाचं टोक रबराच्या नाकात बरोबर मध्यावर घाला. किती आत? डोळ्याजवळचा दुमडा जितका लांब, तितकंच. साधारण अर्धा सेंटिमीटर. मग टोक वळवून पोटाच्या बाजूने बाहेर काढा. नाडी ओवल्यासारखं रबर दांडीवरून वर सरकवत न्या, दुमड्यापर्यंत आलं की हुक अर्धा फिरवा, म्हणजे टोक रबराकडे तोंड करून येईल. डोळा नाकात ओढून घ्या, फक्त गाठ दिसली पाहिजे.

आता रबर लोंबकळू द्या. हुक त्याच्या शेजारी आपोआप लटकतो. वाकाचा सर्वात खालचा भाग रबराला जिथे लागतो, तिथे नखाने खूण करा. टोक त्याच जागी आत जायला हवं. खुणेच्या वर घातलंत तर रबर ताणलं जाईल, खाली घातलंत तर मध्ये फुगून राहील. दोन्ही प्रकारांत ते पाण्यात गरगरा फिरतं आणि लाइनला पीळ पडतो.

खुणेच्या जागी रबर किंचित वाकवा, टोक आरपार पाठीतून बाहेर काढा. पाठ नीट बघा, टोक मध्यरेषेवरच आलंय ना. नसेल तर काढून पुन्हा घाला. भोक मोठं होईल, होऊ दे. मग टोकाच्या पुढचं रबर चिमटीत धरून जरा पुढे ओढा आणि टोकावर त्याची पातळ साल चढवा. बोट फिरवल्यावर टोक टोचता कामा नये, पण आत आहे हे जाणवायला हवं.

शेवटची तपासणी चिमटीची. बोटं टोकापासून बाजूला ठेवून रबर वरून-खालून दाबा, मासा चावेल तसं. थोड्याशा दाबात टोक साल फोडून वर आलं तर हुक बरोबर. जोर लावूनही येत नसेल तर टोक फार खोल आहे, नाहीतर गॅपच कमी आहे. ही तपासणी पाण्यावर जायच्या आधी घरातच करायची. काठावर पोचल्यावर मन पाण्याकडे असतं.

झटक्याचंही हुकावर अवलंबून आहे. लपलेलं टोक असेल तर मासा लागल्यावर रॉड खाली करून ढिली लाइन गुंडाळा आणि मगच जोरात उचला. उघड्या जिग हेडला एवढी मारामारी नको, गुंडाळत राहून रॉड ठामपणे बाजूला ओढला की पुरे. वरच्या बेडकावर मरळीने फटका मारला की आवाजाला भुलून लगेच ओढू नका. लाइनवर वजन जाणवू द्या.

कुठल्या माशाला काय

मरळीचं बोलून झालं: जाड तार, ३/० ते ५/०, ईडब्ल्यूजी. शिवड्याचं तोंड प्रचंड आणि दात बारीक, दाट. त्याला मोठ्या पॅडल टेलबरोबर ४/० ते ५/० चा दणकट जिग हेड आणि जाड लीडर. ही जात जगाच्या धोक्यातल्या माशांच्या यादीत आहे, तेव्हा फोटो काढून सोडून दिलात तर मला बरं वाटेल. उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवला की हुक लवकर निघतो. वाम तळाशी बारीक गांडूळ उचलते, तिला ४ किंवा २ नंबरचा लांब दांडीचा हुक. चिलापीचं तोंड लहान. दीड इंची रबर, ६ किंवा ८ नंबरचा हुक असलेला एक-दोन ग्रॅमचा जिग हेड, आणि भरपूर सहनशक्ती. कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी रबर टाकू नका, त्यांचं खाणंच वेगळं. तिथे मामांची पिठाची गोळीच खरी.

पावसाळ्यात पाण्यावर बारीक लालसर पिल्लांचा घोळका खदखदताना दिसला तर त्याखाली मरळ राखण करत असते. ती आमिषावर रागाने येते आणि हमखास लागते. तिला काढलं की पिल्लं बाकीचे मासे खाऊन टाकतात. तिथून पुढे चालायला लागा.

आणि जिथे गळ टाकणार तिथला मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते आधी विचारा. तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेले असतात. त्यांची जाळी, त्यांची पिलं, त्यांचं पोट. विचारलं तर बहुतेक वेळा जागाही तेच दाखवतात. शहरातलं सिद्धेश्वराचं तळं देवळाचं आहे, सरावालासुद्धा तिकडे रॉड नेऊ नका.

पहिली खरेदी

तीन पाकिटं पुरेत: ३/० ईडब्ल्यूजी जाड तारेत, १/० ऑफसेट बारीक तारेत, आणि ५ ग्रॅमचे जिग हेड १/० हुकाचे. सोबत ५ आणि ७ ग्रॅमच्या गोळ्या, स्टॉपर, तीन आणि चार इंची पॅडल टेल आणि चार इंची स्टिक. पन्नास हुकांचा स्वस्त डबा मोहात पाडतो, पण त्यातले बरेचसे तुमच्या रबराला बसणारच नाहीत. एक चांगलं पाकीट बरं.

टोकाची धार अंगठ्याच्या नखावर बघा. टोक हलकेच नखावर ठेवून सरकवा: अडकलं तर ठीक, घसरलं तर बोथट. दगडाला लागलेला हुक दर वेळी असा तपासा. आजकालचे बरेच हुक रसायनाने धार लावलेले असतात, त्यांना कानस मारून पहिल्यासारखी धार येत नाही, बदलून टाका. हुक बोटात काट्याच्या पलीकडे शिरला तर ओढाओढ न करता तसाच दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

घरी आल्यावर रबरातून हुक काढून दोन्ही वेगळे वाळवा. रबरात राहिलेलं पाणी रात्रीतून हुक गंजवतं. आणि सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये रबराचा डबा गाडीच्या डिकीत विसरू नका. चाळीसच्या वरच्या उन्हात शेपट्या वाकड्या होतात त्या पुन्हा सरळ होत नाहीत. जास्त ताणणारं, न फाटणारं म्हणून विकतात ते रबर वेगळ्या घडणीचं असतं. ते साध्या प्लास्टिकला चिकटून राहिलं की दोन्ही विरघळून एकच लगदा होतो. त्यामुळे ज्या पाकिटातून आलं, त्याच पाकिटात परत.